प्रतिस्पर्ध्याची जाहिरात आणि आपली अमानत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रत्नागिरीतील एका मोहल्ल्यात इशाच्या नमाजनंतर एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीची बैठक बसली होती. संस्थेच्या शाळेला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त स्मरणिका काढण्याचे ठरले होते. आपल्याकडे अशा स्मरणिका जाहिरातींच्या बळावरच निघतात. आंब्याचे बागायतदार, बोटींचे मालक, कापडाचे दुकानदार, आखाती देशांत नोकरी करणारे गावकरी असे सगळे यथाशक्ती पान, अर्धे पान घेतात. त्यातून छपाईचा खर्च निघतो आणि काही उरलेच तर ते गरजू विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकांना लागते. स्मरणिकेच्या संपादनाचे काम माझ्याकडे होते.

त्या रात्री चिटणीसांनी एक पाकीट पुढे ठेवले. आत पूर्ण पानाची जाहिरात आणि तिच्या रकमेचा धनादेश होता. जाहिरात देणारी संस्था आपल्याच समाजाची होती. पण तिने दोन वर्षांपूर्वी चार-पाच किलोमीटरवर स्वतःची नवी शाळा सुरू केली होती. जाहिरातीत शुभेच्छा चार शब्दांत होत्या. बाकीच्या पानावर नव्या वर्षाचे प्रवेश सुरू असल्याची माहिती होती. म्हणजे आमच्या शाळेच्या गौरवग्रंथात, आमच्याच पालकांच्या हाती, दुसऱ्या शाळेचे आमंत्रण जाणार होते.

बैठकीत दोन तट पडले. काहींचे म्हणणे होते की धनादेश परत करावा; आपल्या घरात बसून आपलीच भिंत पोखरण्याची परवानगी कोण देतो? इतरांचे म्हणणे असे की पैसा तो पैसा, तो कोठून आला याला महत्त्व नाही. मी ‘परत करा’ म्हणणाऱ्यांत होतो, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेवढ्यात एक वयोवृद्ध सदस्य, जे क्वचितच बोलत असत, ते म्हणाले, “स्मरणिका आपली आहे हे खरे. पण ती वाचणारे आपल्या मालकीचे आहेत का? ते अल्लाहचे बंदे आहेत. त्यांच्यापासून काय लपवायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?”

बैठक निर्णयाविना उठली. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. प्रश्न एका स्मरणिकेपुरता लहान वाटेल. परंतु जमातची पत्रिका असो, मोहल्ल्याचे मासिक असो वा छोट्या व्यवसायबंधूंचे वार्तापत्र, ज्याच्या हाती चार लोकांपर्यंत पोहोचणारे एखादे पान आहे, त्याच्यापुढे तो आज ना उद्या उभा राहतोच. जो आपल्याशी स्पर्धा करतो, त्याला आपल्या पानावर जागा द्यावी का? आणि दिली तर ते औदार्य, लोभ की भोळेपणा?

जाहिरात कोणाची असते?

रमजानपूर्वी आपल्या घरोघरी सहेरी आणि इफ्तारच्या वेळापत्रकाचा एक कागद येतो. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा फ्रिजच्या दारावर महिनाभर लागलेला असतो. वेळांच्या रकान्यांभोवती खजूरविक्रेत्याची, शिंप्याची, बेकरीवाल्याची, प्रवास कंपनीची जाहिरात असते. घरातील माणसे दिवसातून चार वेळा तो कागद पाहतात, तो इफ्तारची वेळ बघण्यासाठी. आजूबाजूच्या जाहिराती अनायासे डोळ्यांत उतरतात, आणि त्यांना एक प्रकारची प्रतिष्ठाही मिळते. लोकांना वाटते, जमातने छापले आहे म्हणजे माणूस खात्रीचा असणार.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही की जाहिरात पैसे देणाऱ्याच्या दृष्टीने विक्रीचे साधन असली, तरी वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती बातमी असते: अमुक वस्तू अमुक ठिकाणी मिळते, अमुक शाळेत प्रवेश सुरू आहे. दुसरी ही की आपण जे पान विकतो त्याची किंमत कागदाची वा शाईची नसते. ती वाचकांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाची असते. तो विश्वास आपण कारखान्यात तयार केलेला नाही. तो आपल्याकडे ठेव म्हणून आला आहे. इस्लामी परिभाषेत त्याला अमानत म्हणतात, आणि अमानत ज्यांची आहे त्यांना पोहोचती करण्याचा आदेश कुरआनने स्पष्ट शब्दांत दिला आहे (सूरह अन-निसा, आयत ५८).

पान जर अमानत असेल, तर ‘प्रतिस्पर्ध्याला जागा द्यावी का’ हा प्रश्न आपण उलट्या बाजूने धरला आहे असे दिसते. जागा प्रतिस्पर्ध्याला मिळाली तरी माहिती वाचकाला मिळते. मग खरा प्रश्न असा उरतो की वाचकाच्या हिताची माहिती केवळ आपल्या गैरसोयीची आहे म्हणून रोखून धरणे अमानतीच्या कोणत्या नियमात बसते?

एका जिल्ह्यातील दोन नावे

या प्रश्नाचे एक उदाहरण मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात आहे, आणि त्यातील दोन्ही नावांचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याशी नाते आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरी शहरात झाला. त्यांचे जन्मस्थान आजही टिळक आळीत जपलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचा जन्म महू येथे १८९१ साली झाला. पण वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत राहिले होते.

१९२० सालच्या जानेवारीच्या ३१ तारखेला मुंबईतून ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती त्यांचा आवाज म्हणून आंबेडकरांनी ते काढले होते, आणि त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. नवे पत्र निघत आहे हे लोकांना कळावे म्हणून ‘केसरी’कडे विनंती करण्यात आली. फुकट नव्हे, पैसे भरून जाहिरात छापावी अशी तयारी दाखवण्यात आली. ‘केसरी’ने ती नाकारली. लोकमान्य त्या वेळी हयात होते. आंबेडकरांच्या चरित्रात ही गोष्ट नोंदली गेली आहे.

‘केसरी’ त्या काळी मराठीतील सर्वांत प्रभावी पत्र होते. चाळीस वर्षे ते परकीय सत्तेच्या विरोधात उभे होते आणि त्याची किंमत त्याच्या संपादकांनी तुरुंगात चुकती केली होती. त्याच्यासमोर नुकतेच जन्मलेले पाक्षिक म्हणजे पैशाच्या दृष्टीने स्पर्धक नव्हतेच. स्पर्धा होती ती विचारांची. आणि बलवान माणसालाही जेव्हा दुसऱ्याचा विचार आपल्या दारात नको वाटतो, तेव्हा तो नकार किती सहज, किती बिनदिक्कत दिला जातो, हे या प्रसंगातून दिसते.

या घटनेच्या अडतीस वर्षे आधीचा एक प्रसंग शेजारी ठेवला म्हणजे तिचे वजन कळते. १८८२ साली कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांवर केलेल्या लिखाणामुळे ‘केसरी’ आणि ‘मराठा’वर अब्रुनुकसानीचा खटला झाला. टिळक आणि आगरकरांना जामिनाची गरज पडली. तेव्हा दहा हजार रुपयांचा जामीन देण्यास पुढे आले रामशेठ उरवणे. ते महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक वर्तुळातील होते, आणि फुल्यांच्याच शब्दावरून त्यांनी हे केले. फुले आणि टिळक यांच्या विचारांत किती अंतर होते हे सर्वश्रुत आहे. तरीही फुल्यांनी मदतीचा हात पुढे केला. दोन्ही संपादकांना पुढे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पण विरोधी गोटातून आलेला तो जामीन मराठी सार्वजनिक जीवनातील मोठेपणाची खूण म्हणून राहिला.

एका प्रसंगात वैचारिक विरोधकाने दहा हजारांची जोखीम घेतली. दुसऱ्या प्रसंगात वैचारिक विरोधकाला पैसे घेऊनही चार ओळींची जागा मिळाली नाही. ‘मूकनायक’ काही वर्षांतच बंद पडले, पण त्याचे नाव पुसले गेले नाही. त्या नकाराने कोणाचे नुकसान झाले? ‘मूकनायक’चे झालेच, कारण नव्या पत्राला पहिले वाचक मिळवणे किती कठीण असते ते ज्याने कधी अंक काढला आहे त्यालाच माहीत. पण ‘केसरी’च्या वाचकाचेही झाले. आपल्याच भाषेत, आपल्याच देशबांधवांच्या एका मोठ्या वर्गाने बोलायला सुरुवात केली आहे, ही बातमी त्याच्या हक्काची होती. ती त्याच्या विश्वासाच्या पत्राने त्याच्यापर्यंत येऊ दिली नाही.

हे मी दुसऱ्यांचे दोष मोजण्यासाठी लिहीत नाही. त्या रात्री धनादेश परत करा म्हणताना मीही तेच करत होतो.

प्रेषितांच्या काळातील बाजार

आता आपल्या मूळ आधाराकडे वळू. हजरत सुमामा बिन उसाल (रजि.) हे यमामा प्रदेशातील बनू हनीफा या कबिल्याचे सरदार होते. ते कैदी म्हणून मदीनेत आणले गेले, मस्जिदे नबवीच्या खांबाला बांधले गेले आणि तीन दिवसांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना कोणत्याही खंडणीशिवाय सोडून दिले. त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. पुढे उमरासाठी मक्केला गेले असता त्यांनी कुरैशांना बजावले की प्रेषितांची परवानगी मिळेपर्यंत यमामाहून गव्हाचा एक दाणाही मक्केत येणार नाही. बुखारी शरीफमध्ये हा प्रसंग आला आहे. सीरतच्या ग्रंथांत पुढची हकीकत येते. मक्केत टंचाई झाली, कुरैशांनी नातेसंबंधांची आठवण देऊन प्रेषितांना (स.) लिहिले, आणि त्यांनी सुमामांना कळवले की धान्य जाऊ द्या.

हे कुरैश कोण होते? ज्यांनी तीन वर्षे प्रेषितांच्या कुटुंबाला अबू तालिबच्या घाटीत कोंडून त्यांची खरेदी-विक्री बंद केली होती, तेच. ज्यांनी उपासमारीचे हत्यार वापरले होते, त्यांच्याविरुद्ध ते हत्यार हाती आलेले असताना ते खाली ठेवण्यात आले. आपल्या स्मरणिकेतील शाळा आपली शत्रू तर नव्हती. तीही आपलीच होती. मग तिचा मार्ग अडवण्याचे समर्थन आपण कशाच्या आधारावर करणार होतो?

दुसरा प्रसंग हिजरतनंतरचा. प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपल्या मुहाजिर भावाला, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना, अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुवा दिली आणि एवढेच विचारले की बाजार कोठे आहे. त्यांना बनू कैनुकाच्या बाजाराची वाट दाखवण्यात आली. तेथे ते पनीर आणि तुपाचा व्यापार करू लागले आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या पायांवर उभे राहिले. या प्रसंगातील त्याग आपण नेहमी सांगतो. वाट दाखवण्याची गोष्ट मात्र नजरेतून सुटते. मदीनेच्या रहिवाशाने मक्केच्या कसलेल्या व्यापाऱ्याला आपल्या शहराच्या बाजारात नेऊन सोडले. उद्या हा आपले गिऱ्हाईक घेईल, असा हिशेब त्याने केला नाही.

तिसरी गोष्ट एका मनाईची आहे. बाहेरगावचे काफिले माल घेऊन येत, तेव्हा काही चतुर लोक शहराबाहेर जाऊन त्यांना गाठत आणि बाजारभाव कळण्यापूर्वीच माल स्वस्तात उचलत. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. या व्यवहारात उघड खोटे कोणी बोलत नव्हते, वजनही कमी मारत नव्हते. दोष इतकाच की समोरच्याला जे माहीत नव्हते त्याचा फायदा उठवला जात होता. पालकांना दुसऱ्या शाळेची माहिती नाही, म्हणून ते आपल्याकडे येतात, आणि ती माहिती त्यांना मिळू नये अशी व्यवस्था आपण करतो; या दोहोंत फार अंतर आहे असे मला त्या आठवड्यात वाटेनासे झाले.

आणि या सर्वांच्या मुळाशी सूरह अल-माइदाची ती आयत आहे (आयत ८), जिचा आशय असा की एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. न्याय करा, तेच तकव्याच्या अधिक जवळ आहे. जेथे वैरालाही न्याय सोडण्याची सवलत नाही, तेथे साध्या स्पर्धेला ती कोठून मिळणार?

तीन आक्षेप

या विचारावर जे आक्षेप घेतले जातात ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप आमच्या चिटणीसांचाच होता. ते म्हणाले, “तुमची अमानत वाचकांची, हे कबूल. पण शाळाही अमानतच आहे. ज्यांनी दागिने मोडून इमारतीला पैसे दिले त्यांची, आणि जे शिक्षक तिच्यावर पोट भरतात त्यांची. पटसंख्या घटली की तुकडी जाते, आणि तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्याच्या घरी जाऊन तुम्ही आयत वाचून दाखवणार का?”

हा आक्षेप खरा आहे. संस्था टिकवणे हे कर्तव्यच आहे. मात्र ते कोणत्या मार्गाने, हे उरतेच. शाळा टिकवण्याचे मार्ग म्हणजे चांगले शिकवणे, वेळेवर बस सोडणे, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधणे, निकाल सुधारणे. शेजारची शाळा लोकांना दिसू नये म्हणून पडदा धरणे हा त्यांतला मार्ग नव्हे. पडद्याच्या आधाराने टिकलेली शाळा आतून सुधारत नाही, कारण तशी गरजच तिला भासत नाही. रिज्क देणारा अल्लाह आहे हे आपण म्हणतो. पण त्या श्रद्धेची परीक्षा मस्जिदीत होत नाही. धनादेश हातात असताना आणि पटसंख्येचा आकडा डोळ्यांसमोर असताना ती होते.

दुसरा आक्षेप शरीअतच्या आधाराने घेतला जातो. भावाच्या सौद्यावर सौदा करू नका, अशी हदीस आहे. मग दुसऱ्या शाळेने आमच्या पालकांना बोलावणे हे त्यात बसत नाही का? परंतु ही मनाई ठरत आलेल्या वा ठरलेल्या सौद्यात घुसण्याला आहे. एकाने वस्तू घेतली, बोलणी पक्की झाली, आणि तिसरा येऊन म्हणाला की ती परत कर, मी स्वस्तात देतो, तर ते निषिद्ध. खुल्या बाजारात दोघांनी आपापला माल मांडणे निषिद्ध नाही. तसे असते तर बाजारच भरला नसता. पालक दरवर्षी जूनमध्ये नव्याने ठरवतात की मुलाला कोठे घालायचे. तो निर्णय त्यांचा आहे. त्यांच्यावर आपला कायमचा सौदा झालेला नाही.

तिसरा आक्षेप असा की जाहिरात छापणे म्हणजे शिफारस करणेच होय. याला अर्धे उत्तर मी वर दिले आहे. लोक खरोखरच तसे समजतात. म्हणूनच मजकूर आणि जाहिरात यांतील रेघ ठळक असली पाहिजे. पण या आक्षेपाचे टोक दुसरीकडे वळते. जाहिरात ही शिफारस असेल, तर स्पर्धकापेक्षा आधी आपण त्या सर्व जाहिराती तपासायला हव्यात ज्या आजवर बिनबोभाट छापत आलो.

नकार कशाला द्यावा?

या शेवटच्या मुद्द्यासाठी आपल्या रत्नागिरीचेच उदाहरण पुरेसे आहे. हापूस म्हटला की रत्नागिरी आणि देवगड ही दोन नावे पुढे येतात. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत देवगडही रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तरी कोणाचा आंबा सरस, हा वाद दोन्हीकडच्या बागायतदारांत आजही रंगतो. समजा, रत्नागिरीच्या एखाद्या पत्रिकेला देवगडच्या बागायतदाराने जाहिरात दिली. तो स्पर्धक आहे, पण तो आपल्या आंब्याला देवगडचाच आंबा म्हणतो. ती जाहिरात घेण्यात कोणतीही नैतिक अडचण नाही. वाचकाने दोन्ही चाखावेत आणि ठरवावे.

आता दुसरी जाहिरात पाहा. परप्रांतातून आलेला आंबा रत्नागिरी हापूसच्या पेटीत भरून विकणारा एखादा व्यापारी आपल्याकडे येतो. तो आपला स्पर्धक नाही. कदाचित गावचा दिलदार देणगीदार असेल, मस्जिदीच्या कामाला हात सैल सोडणारा असेल. हीच जाहिरात नाकारायला हवी. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याच फसवणुकीला आळा बसावा म्हणून. आणि ज्यांना मानांकनाची भाषा परकी वाटते त्यांना धान्याच्या राशीची हदीस ठाऊक असेलच. प्रेषितांनी (स.) बाजारात एका राशीत हात घातला तेव्हा आतला दाणा ओला लागला. त्यांनी विचारले की हा ओला भाग वर का ठेवला नाही, म्हणजे लोकांना दिसला असता. आणि सांगितले की जो फसवतो तो आमच्यापैकी नव्हे. पेटीच्या वरच्या थरात निवडक फळे आणि खाली डागी फळे भरणाऱ्याला ही हदीस जितकी लागू आहे, तितकीच त्याची जाहिरात छापणाऱ्यालाही.

म्हणून नकाराची कसोटी ‘तो आपला की दुसऱ्याचा’ ही नसून ‘ते खरे की खोटे, हलाल की हराम’ ही आहे. व्याजी कर्ज, लॉटरी, मद्य, भोळ्या रुग्णांना फसवणारे रामबाण इलाज, परदेशी नोकरीच्या नावाखाली तरुणांना लुबाडणारे दलाल यांच्या जाहिराती मित्राने दिल्या तरी परत गेल्या पाहिजेत. सत्कर्मात आणि तकव्यात सहकार्य करा, पापात आणि अत्याचारात करू नका, हा सूरह अल-माइदाचाच आदेश आहे (आयत २). दुर्दैवाने आपल्याकडे उलटे होते. स्पर्धकाचे सत्य आपण अडवतो आणि ओळखीच्याचे असत्य छापतो.

एक धोका मात्र स्पर्धकाच्या जाहिरातीत खरोखर आहे, आणि तो लोकांना वाटतो तेथे नसतो. गिऱ्हाईक जाण्याचा धोका उघड असतो, मोजता येतो. न दिसणारा धोका मिंधेपणाचा. ज्याच्या पैशावर अंक निघतो त्याच्या चुकीबद्दल लिहिताना हात जड होतो. आज पूर्ण पान देणारा उद्या मलपृष्ठ देतो, परवा संपूर्ण अंकाचा खर्च उचलतो, आणि मग कोणत्या बातम्या येऊ नयेत हे तो न बोलताच ठरते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ ही पत्रे जाहिरातींवाचून चालवली, ती या मिंधेपणातून सुटण्यासाठीच. प्रत्येक लहान पत्रिकेला ते झेपेल असे नाही. पण एका हाताकडून इतके घेऊ नये की तो हात गळ्याशी येईल, एवढे तरी पथ्य पाळता येते. दर सर्वांना सारखा असावा, कोणाची निंदा छापू नये, दावे पडताळावेत, आणि जाहिरात घेतल्याने टीकेचा हक्क गहाण पडत नाही हे आधीच सांगावे. हे पथ्य स्पर्धकाइतकेच स्वकीय देणगीदारालाही लागू आहे. किंबहुना त्याला अधिक, कारण त्याच्या बाबतीत आपण गाफील असतो.

पुन्हा त्या बैठकीकडे

पुढच्या जुम्याला कार्यकारिणी पुन्हा बसली. मी माझे मत बदलल्याचे सांगितले. चर्चा लांबली, आवाजही चढले. शेवटी जाहिरात घ्यायचे ठरले. मात्र तिच्यात नवी शाळा ‘तालुक्यातील एकमेव’ अशा सुविधा देणारी असल्याचा दावा होता. तो बरोबर नव्हता. आम्ही त्या संस्थेला तसे कळवले आणि त्यांनी तो शब्द कोणताही वाद न घालता काढला. दर सर्वांना होता तोच लावला.

नुकसान झाले नाही असे मी म्हणणार नाही. पुढच्या जूनमध्ये आमच्या शाळेतील काही मुली तिकडे गेल्या. त्यांतील एका मुलीचे वडील मला भेटले. आमच्या शाळेत येण्यासाठी तिला दोन एस.टी. बदलाव्या लागत, संध्याकाळी उशीर होई, आणि आठवीनंतर तिला घरी बसवायचे त्यांनी मनाशी ठरवले होते. नवी शाळा घरापासून चालण्याच्या अंतरावर होती. ती आहे हे त्यांना स्मरणिकेतून कळले. ते आभार मानत होते, आणि मला काय बोलावे सुचत नव्हते. एक मुलगी शिकत राहिली होती, आणि आमच्या पटावरून एक नाव कमी झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच पानाने केल्या होत्या.

चिटणीस त्या वर्षी पटसंख्येच्या काळजीत होते आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. पण त्याच वर्षी त्यांनी कार्यकारिणीत शाळेच्या बसचा ठराव मांडला. इतकी वर्षे तो विषय निघाला नव्हता.

ती मुलगी आमच्या शाळेची राहिली नाही, समाजाची राहिली. संस्था, पत्रिका, स्मरणिका, वेळापत्रक ही सारी साधने आहेत, आणि साधनांच्या रक्षणासाठी साध्याचा बळी देण्याचा मोह मोठा असतो. आपल्या भावासाठी तेच पसंत करा जे स्वतःसाठी करता, त्याशिवाय ईमान पूर्ण होत नाही, ही हदीस आपण लहानपणी मदरशात पाठ केली. तो भाऊ दूर कोठेतरी असतो तोवर ती सोपी वाटते. तो जेव्हा चार किलोमीटरवर आपल्यासारखीच शाळा उघडतो, आपल्यासारखेच दुकान थाटतो आणि आपल्याच पानावर जागा मागतो, तेव्हा ती अवघड होते. तेव्हाच ती आपल्याला उद्देशून सांगितलेली असते.

अल्लाहतआला आपल्या हाती आलेल्या प्रत्येक अमानतीचा हक्क अदा करण्याची, स्पर्धेतही न्यायावर कायम राहण्याची आणि रिज्कच्या बाबतीत केवळ त्याच्यावर भरवसा ठेवण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.